माझ्या घराचा भाव दलालाने ठरवला

पेडणे तालुक्यातले आमचे वडिलोपार्जित घर मी 2024 साली 62,00,000 रुपयांना विकले आणि पाच महिन्यांनी तेच घर, एक कौलही न बदलता, 1,18,00,000 रुपयांना विकले गेले. वर दलालाला दोन टक्क्यांप्रमाणे 1,24,000 रुपये दलालीही मीच मोजली. माझी सारी नोकरी हिशेब तपासण्यात गेली असल्यामुळे हा आकडा आजवर नातेवाइकांनाही सांगितलेला नाही.

डाव नेहमीचाच होता. मी 95 लाख सांगणार होतो. दलालाने आधी घराची खोडी काढली: मागच्या खोपीत पूर्वी गडी राहत असे, तेव्हा उद्या मुंडकाराचा, म्हणजे मालकाच्या जागेत घर करून राहणाऱ्या कुळाचा, दावा निघेल, मोपा विमानतळाची हवा ओसरली आहे, शिवाय सरकारी दराने हिशेब 54 लाखांच्या वर जात नाही. सरकारी दर हा मुद्रांक शुल्काचा किमान आधार असतो, बाजारभाव नव्हे, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण फोंड्याहून दर पावसाळ्यात गळकी कौले बदलायला जाऊन मी कंटाळलो होतो. मूल्यमापकाचा अहवाल घेऊया म्हटले, तर "त्याला पंधरा हजार कशाला घालता?" असे तो म्हणाला आणि मला ती काटकसर वाटली. असे म्हणणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवा.

मग 55 आणि 58 लाखांची दोन गिऱ्हाइके आली. त्यांतला दुसरा माणूस ओटीवर न थांबता, कुणालाही न विचारता, थेट खोपीमागच्या विहिरीकडे गेला आणि वाकून पाणी पाहू लागला. ती विहीर रस्त्यावरून दिसत नाही, घरातूनही दिसत नाही. "ह्यांना विहीर कशी ठाऊक?" पत्नीने हळूच विचारले. "दलालाने सांगितले असेल," मी म्हणालो. तिथेच व्यवहार थांबवायला हवा होता. त्यानंतर 62 लाखांवाला आला, तेव्हा तो मला देवासारखा वाटला. गोव्याच्या कायद्याप्रमाणे विक्रीखतावर पत्नीचीही सही लागते, आणि ती मीच आग्रहाने करून घेतली.

नंतरच्या विक्रीखताची प्रमाणित प्रत काढली, तर साक्षीदार म्हणून सही त्याच विहिरीवाल्याची होती. नोंदणी कायदा, 1908 च्या कलम 57 नुसार अशा प्रती शुल्क भरून कुणालाही मिळतात; शेजारच्या दोन-चार खतांच्या प्रती मी भाव सांगण्याआधीच काढल्या असत्या, तर दलालाची गरजच उरली नसती.

पोलिसांनी प्रत उलटसुलट पाहून "सही तुमचीच ना? मग ही दिवाणी बाब आहे," असे सांगितले. नोंदणी कार्यालयात उत्तर मिळाले की ते दस्त नोंदवतात, भाव ठरवत नाहीत. दलालांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाने जुन्या घराचा व्यवहार बांधकाम प्रकल्पात मोडत नाही म्हणून हात झटकले आणि मला पुन्हा पोलिसांकडे पाठवले, जिथे या खेपेस मला सव्वा तास बाकावर बसवून अर्ज कोकणीत हवा की इंग्रजीत, यावरच चर्चा झाली. माझी खरी तक्रार, म्हणजे बनावट गिऱ्हाइके उभी करून भाव पाडला गेला, ही एकाही टेबलावर कुणी लिहून घेतली नाही. दलाली अर्धी रोखीने देऊ नका; ते 62,000 रुपये दिल्याचा कागदही माझ्याकडे नाही.

आता वकिलाने पहिल्या सल्ल्याचे 5,000 घेतले आहेत. विहिरीची गोष्ट त्यांना पत्नीने सांगितली. मी तेव्हा खिडकीबाहेर पाहत होतो.