मोठ्या मॉडेल विमानाचे आवरण: फिल्म, तयार कापड की डोप लावलेले पॉलिएस्टर?

रेडिओ-नियंत्रित विमानाचा पंखविस्तार दोन-अडीच मीटरच्या पुढे गेला की आवरणाची निवड लहान विमानाच्या सवयीने करता येत नाही. लहान पंखावर जी फिल्म, म्हणजे इस्त्रीने चिकटवायचा प्लास्टिकचा पातळ रंगीत पापुद्रा, एका बैठकीत चढते आणि पुढे कित्येक हंगाम चकाकत राहते, तीच रुंद, उघड्या फासळ्यांच्या पंखावर उन्हात सैल पडते, पेट्रोल इंजिनाच्या थरथरीने कडांना सुटू लागते, आणि उतरताना एखादी काटकी आरपार गेली तर त्या भोकापासून पुढे फाटत जाते. इंटरनॅशनल मिनिएचर एअरक्राफ्ट असोसिएशन मोनोप्लेनसाठी (एकमजली पंखाच्या विमानासाठी) ८० इंच आणि बायप्लेनसाठी (एकावर एक दोन पंखांच्या विमानासाठी) ६० इंच पंखविस्तारापासून पुढच्या विमानांना मोठे मानते. आवरणाच्या बाबतीतही साधारण त्याच मापापासून वेगळा विचार सुरू करावा, असे माझे मत आहे.

कापडाचे नाव काढले की पहिली हरकत वजनाची येते, म्हणून तिचा हिशेब आधी मांडतो. पाइपर कब या हलक्या कापडी विमानाच्या एकचतुर्थांश प्रतिकृतीचा पंखविस्तार सुमारे २.७ मीटर आणि पंखाचे क्षेत्रफळ जेमतेम एक चौरस मीटर भरते. पंखाची वरची आणि खालची बाजू, शेपटी आणि धड धरून झाकायचे क्षेत्रफळ साधारण साडेतीन चौरस मीटर होते. चांगली फिल्म चौरस मीटरला ६० ते ७० ग्रॅम भरते, तर चिकट आणि रंग असलेले तयार कापड ८५ ते १०० ग्रॅम. म्हणजे सगळ्या विमानावर फरक पडतो तो शंभर ग्रॅमच्या आसपास. सात-आठ किलोच्या विमानाला हे ओझे जाणवतही नाही. खरे वजन वाढते ते रंगाने, आणि तेही शेपटीकडे. गुरुत्वमध्यापासून शेपटी नाकाच्या मानाने बरीच लांब असल्यामुळे तिथल्या प्रत्येक ग्रॅमसाठी नाकात दोन-तीन ग्रॅम शिसे घालावे लागते. म्हणून वजन वाचवायचेच असेल तर ते शेपटीवरच्या रंगाच्या हातांत वाचवावे, आवरणाच्या निवडीत नव्हे.

आता फिल्मविषयी. लाइपझिगच्या लानित्स-प्रेना कंपनीची ओराकव्हर, जी अमेरिकेत हँगर ९ च्या नावाने अल्ट्राकोट म्हणून विकली गेली, आणि टॉप फ्लाइटची मोनोकोट ही दोन नावे या छंदात सर्वांना ठाऊक आहेत. मोनोकोट चिकटवायला आणि ताणायला जास्त उष्णता लागते. ती चढली की पृष्ठभाग अगदी कडक आणि काचेसारखा दिसतो, पण दुहेरी वळणाच्या जागी, उदाहरणार्थ पंखाच्या टोकाशी, ती सहज वळत नाही. ओराकव्हर कमी उष्णतेवर काम देते, वळणावर हाताचे ऐकते, चुकीच्या जागी चिकटली तर गरम करून सोडवता येते, आणि काही महिन्यांनी सुरकुत्या आल्या तर इस्त्री फिरवून पुन्हा ताणता येते. ज्या विमानाचा पंख फोमच्या गाभ्यावर बाल्साचे किंवा अन्य लाकडाचे पत्रे चिकटवून केलेला आहे, म्हणजे बहुतेक मोठी कसरतीची विमाने, त्यांच्यासाठी मी ओराकव्हरच सुचवीन. तिथे आवरणाला सांगाडा ताठ ठेवण्याचे काम नसते. पृष्ठभाग झाकणे आणि तेलापासून वाचवणे एवढेच असते. मात्र गडद रंगाची फिल्म उन्हात फार तापते, म्हणून फोमच्या पंखाची वरची बाजू फिकट रंगाची ठेवलेली बरी. दोन रंगांच्या सांध्यावर गडद रंग फिकट रंगावर चढवावा; उलट केले तर खालचा गडद पट्टा वरून दिसत राहतो.

उघड्या फासळ्यांच्या पंखाचे गणित निराळे आहे. तिथे आवरण हा सांगाड्याचाच भाग असतो आणि पंखाला पिळापासून रोखण्याचे बरेचसे काम तेच करते. विणलेले कापड हे काम फिल्मपेक्षा अधिक भरवशाने करते, शिवाय भोक पडले तरी धागे एकमेकांना धरून ठेवतात आणि फाटणे तिथल्या तिथे थांबते. ब्रिटनमधले सोलारटेक्स हे या वर्गातले अनेकांचे आवडते कापड होते, पण ते आता बनत नाही. आज या जागी मला सर्वांत समाधानकारक वाटते ते ओराकव्हरच्याच घरातले ओराटेक्स. त्याच्या पाठीला उष्णतेने वितळणारा चिकट आधीच लावलेला असतो, रंगही आधीच चढवलेला असतो, आणि जुन्या कापडी विमानांची मंद, किंचित विणीची झाक त्यावर आपोआप दिसते. याच नावाची कापडे माणसे उडवतात त्या हलक्या विमानांवरही वापरली जातात, त्यामुळे हे निव्वळ शोभेचे साहित्य नाही.

ओराटेक्सवर काम करताना फिल्मची घाई सोडावी लागते. कापडाचा उभा धागा पंखाच्या लांबीत ठेवावा. आधी पंखाची खालची बाजू झाकावी. मुळाशी आणि टोकाशी मध्यभागी टाका दिल्यासारखे चिकटवून, मग समोरासमोरच्या कडा आलटून पालटून धरत पुढे सरकावे. कडा चारही बाजूंनी पूर्ण बसल्याशिवाय मधल्या भागाला उष्णता देऊ नये, कारण कापड एकदा आकसू लागले की अर्धवट बसलेली कड ओढून काढते. ताणण्याच्या वेळी उष्णता थोडी थोडी वाढवत वरच्या आणि खालच्या बाजूवर आळीपाळीने द्यावी. एका बाजूला ढोलासारखे ताणून मग दुसरीकडे वळले तर पंख पीळ धरतो. याच टप्प्यावर मागच्या कडेकडे नजर ठेवावी. कड बारीक बाल्साची असेल तर कापडाचा ताण तिला दोन फासळ्यांच्या मध्ये आत ओढतो आणि सरळ रेषेची लाट होते, जी नंतर कशानेही सरळ होत नाही. म्हणून कापड घालायचे ठरले असेल तर मागच्या कडेला आधीच कठीण लाकूड किंवा फासळीगणिक त्रिकोणी आधार द्यावा. पंखाचा खालचा पृष्ठभाग आत वळलेला असेल तर तिथे कापड प्रत्येक फासळीला चिकटवून घ्यावे आणि तो चिकट पूर्ण बसल्यावरच ताणावे, नाहीतर ते फासळ्या सोडून सरळ रेषेत उभे राहते आणि पंखाचा आकारच बदलतो.

तिसरा मार्ग कोऱ्या पॉलिएस्टर कापडाचा. सिगचे कोव्हरॉल किंवा पॉली-फायबरचे चौरस यार्डाला १.७ औंसाचे, म्हणजे मेट्रिक हिशेबाने चौरस मीटरला सुमारे ५८ ग्रॅमचे हलके कापड ही याची उदाहरणे. हे कापड सांगाड्याच्या कडांना वेगळ्या चिकटाने लावतात, इस्त्रीने ताणतात आणि मग डोप, म्हणजे कापड ताठ आणि हवाबंद करणारा लाखेसारखा द्रव, देतात. पॉलिएस्टरच्या धाग्यात डोप मुरत नाही, तो धाग्यांभोवती वेढा घालूनच धरतो. म्हणून पहिला हात नायट्रेट डोपचा, चांगला पातळ केलेला असावा आणि तो विणीतून पलीकडे पोचला पाहिजे. पण आतल्या बाजूला थेंब जमतील इतका ओलाही नको. नायट्रेटवर ब्युटिरेट हा दुसऱ्या प्रकारचा डोप चालतो, ब्युटिरेटवर नायट्रेट चालत नाही, हा क्रम कधीही मोडू नये. ग्लो इंधन वापरणाऱ्याने वरचा हात ब्युटिरेटचाच द्यावा, कारण त्या इंधनातल्या मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनपुढे नायट्रेट टिकत नाही. साधा डोप वाळल्यानंतरही बराच काळ आकसत राहतो, म्हणून कमी ताण देणारा, मऊपणा राखणारा डोप निवडावा. नायट्रेट डोप झटकन पेट घेतो. त्याचे काम मोकळ्या हवेत आणि ठिणगीपासून दूरच करावे.

एवढा खटाटोप कोणी करावा? ज्याला फासळ्यांवरची शिवण, तिच्यावरच्या दातेरी पट्ट्या, उन्हापासून कापड वाचवणारा रुपेरी हात आणि मूळ विमानाच्या रंगाची अचूक छटा हवी आहे, त्याने जरूर करावा. असे तयार झालेले विमान जवळून पाहणाऱ्यालाही पटते, आणि त्याची दुरुस्तीही सोपी असते, कारण नव्या तुकड्यावरचा डोप जुन्या डोपमध्ये विरघळून एकजीव होतो. पण दर रविवारी उडवायच्या विमानासाठी हा मार्ग मी सुचवणार नाही.

कोणतेही आवरण घेतले तरी इस्त्रीच्या तबकडीवरच्या आकड्यांवर विसंबू नये. तळाचे तापमान स्पर्शाच्या थर्मामीटरने मोजावे. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत धातूवर चुकीचे, बहुधा कमी तापमान दाखवतो. तोच वापरायचा असेल तर इस्त्रीला कापडी मोजा चढवून मोज्यावर धरावा. कोऱ्या पॉलिएस्टरसाठी खऱ्या विमानांच्या कामात शेवटचा ताण १७७ अंश सेल्सिअसला देतात आणि त्यापलीकडे कापड उलट सैल होऊ लागते. मॉडेलचा सांगाडा त्या मानाने नाजूक असल्यामुळे मी १५० अंशांच्या पुढे क्वचितच जातो.

उघड्या सांगाड्याच्या कबसारख्या विमानासाठी माझी निवड ओराटेक्स आहे, आणि तिच्यासाठी दोन सूचना. एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेवरचे हलणारे भाग) आणि शेपटीच्या बिजागऱ्यांच्या फटी त्याच कापडाच्या पट्टीने किंवा पारदर्शक फिल्मने बंद कराव्यात, कारण मोठ्या विमानात उघडी फट नियंत्रण पृष्ठाची पकड कमी करते. आणि इंजिनाच्या मागच्या, एक्झॉस्टचे तेल उडते त्या भागातल्या कडांवर कापड चढवण्याआधी लाकडाला उष्णतेने चिकटणाऱ्या द्रव चिकटाचा एक हात द्यावा, म्हणजे तेल कडेखाली शिरत नाही.