जुनी पिकअप घेताना मी वजनकाट्यावर गेलो नाही

आईचे गुडघे गेलेत. लॉजच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत, म्हणून गेल्या वर्षी आम्ही एक जुनी घर-ट्रॉली घेतली. आत दोन पलंग, ओटा, संडास. नोंदणीचे कागद चोख, चाकांना इलेक्ट्रिक ब्रेक. अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूर, तुळजापूर, सगळं आईला दगदग न होता घडावं एवढीच इच्छा. ती ओढायला गाडी तेवढी बघायची राहिली होती.

सोलापुरात विजापूर रोडला जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या एका एजंटाकडं डबल केबिन पिकअप मिळाली, 6,85,000 रुपयांना. मागं जाडजूड हूक, सात पिनांचं सॉकेट, स्टेअरिंगखाली ब्रेक कंट्रोलरचा, म्हणजे ट्रॉलीचे ब्रेक चालवणारा, डबा आणि त्यावर हिरवा दिवा. "काका, साडेतीन टन ओढती ही. तुमची ट्रॉली म्हंजे हिला काहीच नाही," म्हणत त्यानं परदेशी माहितीपत्रकाच्या एका पानाची झेरॉक्स हातात ठेवली. त्यावर 3,500 किलो असं ठळक छापलेलं होतं. रिकामी ट्रॉली जोडून सपाट रस्त्यावर चक्कर मारली. मागं काही जोडलंय हे कळतसुद्धा नव्हतं. त्याच दिवशी 51,000 विसार दिला, रोख. स्टँपपेपरवर ‘गाडी आहे त्या स्थितीत घेतली’ अशी ओळ होती. ती वाचूनही मी सही केली.

कोजागिरीची तुळजापूरची गर्दी ओसरल्यावर निघालो. जाताना काहीच त्रास नाही. देवीचं दर्शन झालं, आई खुशीत होती. परतीला सोलापूरच्या बाजूनं घाट उतरायला लागलो आणि ट्रॉली मागून ढकलू लागली. ब्रेक दाबला की पिकअप दबायची, ट्रॉली मात्र रेटतच यायची. मग ती डावी-उजवीकडं झोकांड्या खायला लागली. लायनरचा करपट वास सुटला, पेडल खोल जायला लागलं. मागच्या सीटवर आईनं डोळे मिटून जप धरला होता. दुसऱ्या गिअरवर, जवळजवळ चालण्याच्या वेगानं गाडी खाली आणली आणि पहिली रुंद जागा दिसल्यावर थांबवली. बायको उतरून रस्त्याकडेला बसली. बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या मिस्त्रीनं कंट्रोलरचा डबा उघडला. हिरव्या दिव्याला बॅटरीची वायर होती, बाकी आत काही नाही. सॉकेटच्या सात पिनांपैकी लाइट आणि इंडिकेटरच्या चालू. ब्रेकच्या पिनेला वायरच जोडलेली नव्हती. हूक चासीला बोल्टनं बसवायचा असतो. इथं तो बंपरच्या पट्टीला वेल्डिंग मारून चिकटवलेला, वरून काळा रंग. एका कडेनं वेल्डिंग फाटायला लागलं होतं. मागच्या पाट्यांत प्रत्येकी एक जादा पाटा घातलेला, म्हणजे वजन टाकलं तरी गाडी मागं बसलेली दिसणार नाही.

ती झेरॉक्स अजून माझ्याकडं आहे. तेच पान मी नेटवर पूर्ण शोधून काढलं. 3,500 च्या खालीच दुसरी ओळ आहे: ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर 750 किलो. झेरॉक्स बरोबर त्या ओळीच्या वर कापलेली आहे. ही चूक नव्हे, हे ठरवून केलेलं आहे. भरलेली ट्रॉली 1,460 किलोची, ब्रेक बंद, आणि गाडीत माझी आई.

मग हैदराबाद रोडला मार्केट यार्डाजवळच्या काट्यावर गेलो. जे विसार देण्याआधी करायला हवं होतं ते तेव्हा केलं. आरसीवर रिकामं वजन 1,920 आणि भरलेलं जास्तीत जास्त 2,500 किलो. काट्यावर रिकामी गाडी 2,070 भरली, कारण लोखंडी गार्ड आणि मागची कॅनॉपी नंतर चढवलेली. उरले 430. आम्ही चौघं मिळून 270. आणि ट्रॉली नुसती मागं ओढली जात नाही, तिचा भार हुकावरही बसतो. साधारणपणे तिच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के धरतात. माझ्या ट्रॉलीचे 15 टक्के धरले तर जवळपास 220. म्हणजे बॅग न ठेवताच मर्यादा ओलांडली. इंजिनाची ताकद कितीही असो, हा हिशेब बदलत नाही, आणि एजंट याबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

हा भार काट्यावर कळतो. एकदा पिकअप एकटी मोजायची. मग ट्रॉली जोडून, पण तिची चाकं काट्याबाहेर ठेवून, पुन्हा पिकअपच मोजायची. दोन्हींतला फरक म्हणजे हुकावरचा भार. तो फार कमी निघाला तरी धोका, ट्रॉली झोकांड्या खाते. मी शंभर लिटरची पाण्याची टाकी ट्रॉलीच्या अगदी शेपटाला ठेवली होती, ती चूक माझी.

कंट्रोलरवर हातानं चालवायचा दांडा असतो. मोकळ्या रस्त्यावर वीसच्या वेगाला पायाचा ब्रेक न लावता तो दाबून बघा. एकट्या ट्रॉलीनं गाडी मागं खेचली पाहिजे. मी हे केलं असतं तर हिरवा दिवा जागच्या जागी उघडा पडला असता.

एजंटानं स्टँपपेपर दाखवला आणि हात वर केले. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आता जिल्हा ग्राहक आयोगाचा अर्ज तयार करतोय. झेरॉक्स, पूर्ण पान, काटा पावत्या, उघड्या डब्याचे फोटो, मिस्त्रीचं लेखी, सगळं जोडलंय. रोख दिलेल्या विसाराची पावती तेवढी नाही. गाडी दारात उभी आहे. ती दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारायची नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलंय.

गेल्या आठवड्यात त्या रस्त्यानं जाताना एजंटाच्या जागेत दुसरी पिकअप दिसली. पांढरी, धुऊन पुसून उभी केलेली. मागं हूक होता, आणि त्यावरचा काळा रंग अगदी ताजा होता.