गळाचं दुकान: नवख्यानं आधी इथंच जावं

मासे धरायची काठी मागितली तर मालकांनी आधी विचारलं, "पाणी कुठलं? परवान्याचं बघितलासा काय?" बेळगाव जिल्ह्यातलं हिडकल धरण असो की गावचं तळं, मासेमारी बहुतेक ठेक्यावर दिलेली असते. म्हणून मत्स्य खात्यात परवाना विचारायचा, ठेकेदाराचीही परवानगी घ्यायची, हे त्यांनी गिऱ्हाईक थांबवून समजावलं. अर्ज कानडीत, तोही वाचून दाखवला. एवढं कोण करतंय हो?

गळ बांधायलाही शिकवलं. तंगूसाचे, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याचे, पाच वेढे, टोक आत, मग थुंकी लावून गाठ आवळायची. कोरडी ओढली की दोरा तापून कमजोर होतो. महागडं रीळ गळ्यात मारलं नाही. भाव मात्र थोडे चढे, आणि आमिषाला गांडुळं मिळत नाहीत.