टाकीवर एक देश, चासीवर दुसरा : चौदा महिने आणि अठरा हजार किलोमीटरनंतर

चौदा महिन्यांपूर्वी घेतलेल्या माझ्या मोटारसायकलचे आजवर १८,४०० किलोमीटर झाले आहेत. तिच्या टाकीवर युरोपातल्या एका कंपनीचे नाव आहे. हँडल पूर्ण वळवून स्टिअरिंगच्या मानेवर कोरलेला सतरा अक्षर-अंकांचा चासी नंबर वाचला, तर त्याची सुरुवात भारतासाठी राखून ठेवलेल्या ‘एमए’ ते ‘एमई’ या जोड्यांपैकी एकीने होते. म्हणजे नाव एका देशाचे आणि बांधणी दुसऱ्या देशातल्या भागीदार कंपनीच्या कारखान्यातली. अशी गाडी घेण्याआधी मला जे वाचायला हवे होते ते एकत्र कुठे मिळाले नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. गाडीचे नाव मुद्दाम देत नाही. माझ्या तक्रारी एका गाडीच्या आणि एका सर्व्हिस सेंटरच्या आहेत. मला जे सांगायचे आहे ते मात्र भागीदारीतून बनणाऱ्या कोणत्याही गाडीला लागू पडेल असे वाटते.

गाडी घेताना ओळखीच्या जवळजवळ प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला: ही ‘खरी’ त्या कंपनीची आहे का? हा प्रश्न मलाही पडला होता, पण वापरानंतर वाटते की तो चुकीच्या जागी बोट ठेवतो. भागीदारी हा एकच शब्द फार वेगवेगळ्या व्यवहारांसाठी वापरला जातो, आणि त्यातला कोणता व्यवहार आपल्या गाडीमागे आहे यावर पुढचे सगळे अवलंबून असते. ब्रिटनची ट्रायम्फ आणि बजाज यांनी २०१७ मध्ये भागीदारी जाहीर केली आणि जानेवारी २०२० मध्ये करार केला, तो एकमेकांच्या भांडवलात हिस्सा न घेता. त्यातून आलेल्या ४०० सीसीच्या गाड्या २०२३ पासून चाकणला बनतात. याच बजाजने ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये मात्र २००७ साली साडेचौदा टक्के हिस्सा विकत घेतला होता आणि पुढे तो वाढवत नेला. बीएमडब्ल्यू आणि टीव्हीएस यांचा २०१३ चा करार एकत्र इंजिन विकसित करून त्यावर आपापल्या गाड्या उभ्या करण्याचा होता. हार्ले-डेव्हिडसनने २०२० मध्ये भारतातला स्वतःचा कारभार आवरला आणि विक्री व सेवा हिरोकडे सोपवली. दोघांची एक्स ४४० ही गाडी त्यानंतर, २०२३ मध्ये आली. भागीदारी लपवायची गोष्ट आहे असेही सगळे मानत नाहीत. इटलीतली बिमोटा कंपनी तर इंजिन कोणाचे हे गाडीच्या नावातच सांगत आली आहे: ‘केबी’ असेल तर कावासाकी, ‘एसबी’ असेल तर सुझुकी, ‘वायबी’ असेल तर यामाहा.

माझ्या मते यातली सगळ्यात फलदायी भागीदारी ती, जिच्यात दोन्ही बाजूंचे अभियंते एकाच इंजिनावर बसतात. बीएमडब्ल्यू जी ३१० आणि टीव्हीएसची अपाचे आरआर ३१० यांचे ३१२ सीसीचे इंजिन पाहावे. त्यात सिलिंडर मागे झुकलेला आहे आणि हेड, म्हणजे त्यावरचे झाकण, उलटे फिरवलेले आहे, त्यामुळे हवा पुढून आत जाते आणि सायलेन्सरचा पाइप मागून निघतो. इंजिनाचे वजन त्यामुळे पुढच्या चाकाकडे सरकते, आणि गाडीची एकूण लांबी न वाढवता मागचा स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा दांडा) लांब ठेवता येतो. असा निर्णय नुसते नाव उसने घेऊन होत नाही. त्यासाठी चासी, इंजिन आणि कारखाना यांचा विचार एकाच वेळी व्हावा लागतो. केटीएम ड्यूक २०० आणि पल्सर २०० एनएस या २०१२ च्या दोन गाड्यांचीही अशीच गोष्ट आहे. इंजिनाचा पाया जवळचा, पण ड्यूकच्या हेडमध्ये दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) आणि पल्सरमध्ये एक कॅमशाफ्ट व तीन स्पार्क प्लग. दोन्ही चालवलेल्या कोणालाही त्या एकच गाडी वाटणार नाहीत.

माझ्या गाडीत ही एकत्र केलेली मेहनत जाणवते. इंजिन एका सिलिंडरचे असूनही साडेचार हजार आरपीएमच्या पुढे ते मोकळे होते, आणि घाटात तिसऱ्या गिअरवर राहून चढ आणि वळणे दोन्ही सांभाळता येतात. रनिंग-इन संपेपर्यंत दुसऱ्या गिअरमधून न्यूट्रल सापडायला त्रास होई, तो पहिल्या सर्व्हिसनंतर गेला. महामार्गावर एका वेगाला पायाच्या पेगमध्ये कंप जाणवतो आणि तो आजही तसाच आहे. दोन-अडीच तासांनंतर तळव्याला मुंग्या येतात. मायलेज लिटरला २८ ते ३० किलोमीटरच्या दरम्यान स्थिर राहिले आहे. ब्रेकच्या कॅलिपरवर (चकतीला दाबून धरणाऱ्या भागावर) ‘बायब्रे’ असे लिहिलेले आहे. ‘बाय ब्रेम्बो’ या शब्दांचे ते लघुरूप. लहान आणि मध्यम गाड्यांसाठी ब्रेम्बो या इटालियन कंपनीने काढलेली ही शाखा आहे. ओल्या रस्त्यावर पुढच्या ब्रेकने मला दोनदा वाचवले, त्यामुळे त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. एकूण गाडीत किती देशांचे हात लागले आहेत हे मोजायला बसले, तर दोनावर थांबता येत नाही.

सीटबद्दल थोडे अधिक लिहावे लागेल. तिची उंची आणि आकार त्या मूळ कंपनीच्या आरेखनाप्रमाणे ठरले असावेत, कारण एकट्या चालवणाऱ्याला ती उत्तम आहे आणि मागे बसणाऱ्याचा विचार तिच्यात फारच कमी केलेला आहे. माझी उंची पाच फूट तीन इंच आहे. थांबल्यावर माझे दोन्ही पाय चवड्यांवर टेकतात, टाचा टेकत नाहीत, तरी वजनाचा तोल खाली असल्यामुळे गर्दीत भीती वाटली नाही. मागच्या सीटवर मात्र माझी बहीण तासाभराच्या वर बसू शकली नाही, आणि पकडायला जी पट्टी दिली आहे ती हातमोजे घालून नीट धरताच येत नाही. ज्या देशात गाडी विकायची तिथे ती कशी वापरली जाते हे सांगण्याचे काम स्थानिक भागीदाराचे असते, आणि इथे त्याचा आवाज कमी पडला असे मला वाटते.

आता त्या गोष्टीकडे येते, जिच्यामुळे हे सगळे लिहायला घेतले. तिसऱ्या महिन्यात पावसात गाडी चालवल्यावर मीटर कन्सोलच्या काचेच्या आत वाफ धरू लागली. सुरुवातीला ती उन्हात उडून जाई, नंतर काचेच्या डाव्या कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब कायमचा राहिला. गाडी झुकली की तोही आतल्या आत सरके. सर्व्हिस सेंटरने जॉब कार्ड केले, फोटो काढले, आणि मग पाच आठवडे काहीच झाले नाही. चौकशी केली तेव्हा तिथल्या सल्लागाराने अगदी प्रामाणिकपणे सांगितले, “मॅडम, आमच्या हातात नाही. फोटो वर पाठवलेत. तिकडून होकार आला की पार्ट लगेच मिळेल.” तसेच झाले. होकार यायला पाच आठवडे गेले आणि कन्सोल तीन दिवसांत आला, कारण तो बनतच होता देशात. वस्तू जवळ होती, निर्णय दूर होता. कन्सोल बदलल्यानंतरच्या पावसात वाफ पुन्हा धरली नाही, हेही नोंदवायला हवे.

दुसरा प्रसंग छोटा आहे. ऑइल फिल्टर ‘स्टॉकमध्ये नाही’ म्हणून एक सर्व्हिस आठ दिवस पुढे गेली. त्याच छताखाली भागीदार कंपनीच्या स्वतःच्या नावाच्या गाड्याही सर्व्हिसला येतात, आणि त्यातल्या एका गाडीचे इंजिन माझ्या इंजिनाशी नात्यातले आहे. मेकॅनिकने माझा जुना फिल्टर आणि त्या गाडीचा नवा फिल्टर बाकावर शेजारी शेजारी उभे केले. उंची तीच, व्यास तोच, रबरी कडीही तशीच. फक्त पार्ट नंबर दोन वेगळ्या पद्धतींनी लिहिलेले. वॉरंटी चालू असल्यामुळे मी पुस्तिकेतल्या नंबराचाच फिल्टर येईपर्यंत थांबले, आणि कोणालाही तसेच करायला सांगेन. पण कारखाना एक असताना कोठाराच्या याद्या दोन का असाव्यात, याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही. गाडी एकत्र घडवणाऱ्यांनी तिच्या सुट्या भागांची यादीही एकत्र करायला हवी, असे मी त्यांना लेखी कळवले आहे.

या दोन प्रसंगांनंतर मी एक वेगळा प्रश्न विचारू लागले: उद्या हे दोघे वेगळे झाले तर माझ्या गाडीचे काय? याची उदाहरणे भरपूर आहेत आणि ती एकसारखी नाहीत. हिरो होंडा १९८४ मध्ये स्थापन झाली. डिसेंबर २०१० मध्ये दोघांनी वेगळे होण्याचे ठरवले तेव्हा दोघांकडे प्रत्येकी २६ टक्के हिस्सा होता, आणि २०११ मध्ये कंपनीचे नाव हिरो मोटोकॉर्प झाले. स्प्लेंडर वापरणाऱ्याला त्याची झळ बसली नाही, कारण कारखाने, पुरवठादार आणि विक्रेत्यांचे जाळे जागेवरच राहिले. सुझुकी आणि टीव्हीएस २००१ मध्ये वेगळे झाले, तेव्हाही तसेच. बजाज आणि कावासाकी यांची विक्री व सेवेची भागीदारी १ एप्रिल २०१७ पासून संपली, तेव्हा मात्र कावासाकीच्या गाड्या वापरणाऱ्यांना सर्व्हिससाठी दुसरे दार गाठावे लागले, कारण त्या गाड्या आणि त्यांचे भाग शेवटपर्यंत कावासाकीचेच होते. एनफिल्डची कथा तर उलटीच आहे. रेडिचच्या इंग्लिश कंपनीबरोबर १९५५ मध्ये मद्रासला बुलेटची जुळणी सुरू झाली. मूळ कंपनी १९७० च्या सुमारास बंद पडली आणि बुलेट मद्रासमध्ये बनत राहिली.

ताजे उदाहरण केटीएमचे आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रियातल्या मूळ कंपनीने दिवाळखोरीच्या चौकटीतली पुनर्रचना मागितली आणि माटिगहोफेनचा कारखाना काही महिने थांबला. त्या वेळी तिला उभे करण्यासाठी २०२५ मध्ये सुमारे ८० कोटी युरोंचे अर्थसाहाय्य उभे केले ते बजाजने. २००७ मध्ये लहान हिस्सा घेऊन आलेल्या भागीदारावर नाव वाचवण्याची जबाबदारी आली. ज्यांना ‘खरी कोणती’ हा प्रश्न पडतो, त्यांनी या घटनेचा अवश्य विचार करावा.

म्हणून आता कोणी अशी गाडी घ्यायला निघाले की मी त्यांना इंजिनाच्या ताकदीआधी तीन गोष्टी विचारायला सांगते. इंजिनाचे ओतकाम आणि जुळणी कोणाच्या कारखान्यात होते, वॉरंटीचा निर्णय कोणत्या कार्यालयात होतो, आणि सुट्या भागांचे कोठार कोणाच्या ताब्यात आहे. शो-रूममधल्या विक्रेत्याला यातल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर माहीत असते. दुसऱ्याचे उत्तर मिळवायला मला स्वतः गाडी बिघडेपर्यंत थांबावे लागले.

मी गाडी विकणार नाही. ती मला आवडते, आणि चौदा महिन्यांत रस्त्यात एकदाही बंद पडलेली नाही. २०,००० किलोमीटरच्या सर्व्हिसला व्हॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्हजवळची बारीक फट, तपासायचा आहे. त्यासाठी लागतील त्या शिम (फट जुळवणाऱ्या चकत्या) आणि गॅस्केट आधीच मागवून ठेवायला मी सर्व्हिस सेंटरला सांगितले आहे, आणि या वेळी जॉब कार्डावर दोन्ही कंपन्यांचे पार्ट नंबर लिहून घेतले आहेत.