गर्भपिशवी काढायच्या आधी इथे आले ते बरं झालं

ठाण्याच्या नौपाड्यातल्या या दवाखान्याला पाचपैकी चार तारे. एक कापला तो जिन्यासाठी. दुसरा मजला, लिफ्ट नाही, आणि माझं हिमोग्लोबिन तेव्हा ७.९. प्रत्येक वळणावर कठड्याला धरून उभी राहत होते. बायकांचा दवाखाना, येणाऱ्या निम्म्या पोटुशा, उरलेल्या अंगावरून जाऊन जाऊन पांढऱ्याफटक पडलेल्या. जागा घेताना हे कुणाच्या डोक्यात आलं नसेल?

माझं वय ४६. वर्तकनगरला पोळी-भाजी केंद्र चालवते. गेलं वर्षभर पाळी आली की आठ-दहा दिवस हलायची नाही, रक्ताच्या गाठी पडायच्या, तव्यासमोरून तासातासाला उठावं लागायचं. शेवटी घोडबंदर रोडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं. सोनोग्राफीत चार सेंटिमीटरची गाठ निघाली. डॉक्टरांनी कॉम्प्युटरकडे बघतच विचारलं, "मुलं किती?" म्हटलं, दोन. "मग आता पिशवीचं काय काम?" झालं, विषय संपला. काउंटरवरच्या मुलीने पॅकेज सांगितलं, गुरुवार दिला, कॅशलेस होईल म्हणाली. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढणार होते, पुढे कॅन्सरची कटकट नको म्हणून. फॉर्मवर सही करायला पेन पुढे केलं ते आमच्या ह्यांच्याकडे. शेजारी मी बसलेली, धडधाकट शुद्धीत.

नणंदबाईंचं म्हणणं, "वहिनी, टाका काढून, सुटाल एकदाच्या." त्यांची स्वतःची काढलेली आहे, त्यामुळे अधिकारवाणी. लेक लॉ करते, ती मात्र त्या पेनाच्या गोष्टीवरून भडकली. सुप्रीम कोर्टाचा २००८चा समीरा कोहली खटला तिने मला पोळ्या लाटता लाटता ऐकवला. त्या बाईंनी दुर्बिणीच्या तपासणीला संमती दिली होती. त्या भुलीत असताना आईची संमती घेऊन पिशवी आणि अंडाशयं काढली. कोर्टाने ती संमती धरली नाही. जिवावर बेतलेलं नसेल तर सज्ञान बाई शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं आणि तिलाच विचारायचं. हे ऐकून ह्यांनीच म्हटलं, आपण दुसऱ्या डॉक्टरला दाखवू.

हॉस्पिटलात कागद मागितले तर "कशाला हवेत?" पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे हा डॉक्टरांसाठीचा नियमच आहे. लेकीने लेखी अर्ज दिल्यावर सोनोग्राफीच्या फिल्म तिसऱ्या दिवशी हातात पडल्या. नुसता रिपोर्ट नेऊ नका, फिल्मसुद्धा न्या.

आता इथलं. वेळ पाचची, नंबर लागला पावणेसातला. रिसेप्शनवरच्या बाई कुणाकडे मान वर करून बघत नाहीत. पण आत गेल्यावर डॉक्टर मॅडमनी माझी फाइल उचलून बाजूला ठेवली. "ती नंतर बघते. आधी तुम्ही सांगा." दिवसाला पॅड किती, रात्री उठावं लागतं का, थायरॉइड बघितलंय का, आईची पाळी कोणत्या वर्षी गेली. पोट तपासलं, आतून सोनोग्राफी केली. मग कुठल्याशा औषध कंपनीच्या पॅडवर पेन्सिलीने एक उलटा पेरू काढला.

"ही तुमची पिशवी. गाठ इथे, सालीला बाहेरून चिकटलेली. रक्त जातं ते आतल्या अस्तरातून. बाहेरच्या गाठीने सहसा इतकं जात नाही." मग पेरूच्या आत एक ठिपका दिला. तो पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला मांसाचा कोंब. अस्तरही जाड दिसत होतं. या वयात असा त्रास असेल तर अस्तराचा तुकडा तपासल्याशिवाय पिशवीला हात लावायचा नाही, म्हणाल्या. तो तुकडा आधीच्या ठिकाणी कुणी घेतलाच नव्हता.

पहिल्या डॉक्टरांना त्यांनी नावं ठेवली नाहीत. मी दोनदा काडी टाकून बघितली! दुर्बिणीने पॉलिप काढू, नाही थांबलं तर पिशवीत तांबीसारखी मिरेना बसवू, त्यातून अस्तरावर थोडं थोडं हार्मोन सुटत राहतं, आणि तेही लागू पडलं नाही तर पिशवी काढा असं मीच सांगेन, म्हणाल्या. अंडाशयांचं विचारल्यावर मात्र आवाज चढला. चांगली असताना ती काढली की पाळी एका रात्रीत जाते, घामाच्या वाफा सुरू होतात, हाडं लवकर ठिसूळ व्हायला लागतात. घरात कुणाला अंडाशयाचा, स्तनाचा कॅन्सर आहे का विचारलं. नाही म्हटल्यावर, "मग राहू द्या जागेवर."

फी बाराशे, सोनोग्राफीचे वेगळे, पावती न मागता मिळाली. ऑपरेशन माझ्याकडेच करा असा आग्रह नव्हता, उलट हा कागद आधीच्या डॉक्टरांना दाखवा म्हणाल्या. माझी काही हिंमत झाली नाही. काउंटरवरच्या मुलीचे गुरुवारसाठी चार फोन आले, चौथा ह्यांनी उचलला.

पॉलिप काढला त्या दिवशी संध्याकाळी घरी होते. तुकड्याचा रिपोर्ट चांगला आला. लोहाची इंजेक्शनं झाली, हिमोग्लोबिन १०.८ वर आलंय. दोन पाळ्या पाच दिवसांत उरकल्या, तिसरी परत आठ दिवस चालली, त्यामुळे पुढच्या महिन्यात मिरेनाचं ठरवायला जायचंय. सगळं फिटलं असं अजून म्हणत नाही.

जाणार असाल तर तासाभराची सवड जास्तीची ठेवा. बाथरूमला कुलूप असतं. किल्ली रिसेप्शनवर मागावी लागते, आणि त्या बाई "कशाला?" म्हणून सगळ्यांसमोर विचारतात.