काळी 22 इंची सायकल आजच्या पुण्यात: घ्यावी का?

'दूधवाल्याची सायकल' म्हणून लोक जिला नाक मुरडतात, ती रॉड ब्रेकची (तारेऐवजी लोखंडी सळ्यांनी ओढला जाणारा ब्रेक) काळी सायकल अजून नवी कोरी मिळते. 22 हे माप फ्रेमचं. चाक 28 इंची, टायर 28 × 1½. दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहिल्यावर टाचा टेकत नसतील तर 20 ची फ्रेम घ्या.

साखळीने मागचं चाक फिरवायची ही रचना 1885 च्या रोव्हर सायकलीपासून चालत आलेली, हवेचा टायर 1888 चा. पुण्याला 'सायकलींचं शहर' म्हणायचे तेव्हा पेठांतून कॅम्पात नाहीतर खडकीच्या दारूगोळा कारखान्यात जाणाऱ्यांकडे असली सायकल असे. तो टापू बऱ्यापैकी सपाट. पुढच्या दातेरी चक्राला 44 दात, मागच्याला 18, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळपास साडेपाच मीटर जाते. सपाटीवर झकास! कात्रज-बावधनच्या चढाला मात्र उतरून ढकलावी लागते. रोजच्या वाटेवर उड्डाणपूल असेल तर मागे 20 किंवा 22 दातांचं चक्र, म्हणजे फ्रीव्हील, बसवून घ्या आणि साखळीची लांबी जुळवून घ्या.

खरी कुरकुर ब्रेकची. रबर रिमच्या आतल्या अंगाला, खालून वर दाबतात. क्रोमची लोखंडी रिम पावसात ओली झाली की पहिले काही फेरे ब्रेक लागल्यासारखा वाटतच नाही. उतारावर आधीपासून हलका दाबत राहा. साखळी ढिली पडली म्हणून मागचं चाक सरकवलं की ब्रेकची रबरंही पुन्हा जुळवावी लागतात. हे काम मिस्त्री हमखास विसरतो आणि 'नवीन असून ब्रेक लागत नाही' अशी तक्रार सुरू होते.

दुसरी गोष्ट कॉटर पिन, म्हणजे क्रँक (पेडलचा दांडा) मधल्या आसाला घट्ट धरणारी पाचर. नव्या सायकलची पिन पहिल्या आठवड्यात बसते आणि ढिली होते. प्रत्येक फेऱ्याला एकाच जागी 'टक्' वाजलं की थांबा. क्रँकखाली लोखंडाचा ठोकळा धरून पिन हातोडीने ठोकायची, मगच नट आवळायचा. नुसता नट आवळला तर आटे जातात, पिन तशीच हलत राहते आणि शेवटी क्रँक बदलावा लागतो.

हवा रोज जात असेल तर लगेच पंक्चर काढायला नेऊ नका. व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचं बोट लावा. बुडबुडा आला तर आतली रबरी नळी, म्हणजे वॉल ट्यूब, कडक झाली आहे. दोन मिनिटांचं काम. पंक्चर असलंच तरी मागचं चाक सोडवायची गरज नाही, टायरची एक बाजू उचकटून ट्यूब बाहेर ओढता येते. चेनकव्हरची सायकल असेल तर चाक सोडवून परत बसवणं हा तासाभराचा खेळ.

चाकाच्या फिरण्यावर दिवा पेटवणारा डायनॅमो जोडून घेऊ नका. 6 व्होल्ट, 3 वॅट. टायरला घासून पायाला जड करतो आणि सिग्नलला थांबलात की नेमका तिथे विझतो. बिनदिव्याच्या सायकली पोलीस अडवायचे तेव्हा त्याला मान होता. आता सेलचे दिवे बरे, पुढे पांढरा, मागे लाल.

वजन वीस किलोच्या आसपास. तिसऱ्या मजल्यावर राहत असाल आणि लिफ्ट नसेल तर नादी लागू नका. बाकी कॅरिअरवर गॅसची टाकी बांधून नेता येईल अशी दुसरी सायकल आज दुकानात सहसा मिळत नाही. पैसे देण्याआधी चाक उचलून फिरवा. रिम डुलत असेल तर तिथल्या तिथे आऊट काढून घ्या. मागे 40 तारा असतात, त्यातल्या एकेकीला बोटाने टिचकी मारून बघा. आवाज भदभद आला ती ढिली.