बोटीतलं हातपंपाचं टॉयलेट, 8 महिन्यांनंतर (पाईपाबद्दल शब्द मागे घेतोय)

26 फुटी जुनी शिडाची बोट, मित्राबरोबर भागीदारीत घेतलेली, बेलापूरच्या खाडीत असते. ऑक्टोबरात टॉयलेट नवं बसवलं, मैला साठवायची 40 लिटरची टाकी जुनीच ठेवली. टॉयलेट एकदम मस्त, पंप अजून हलका चालतो, अधूनमधून दोन चमचे गोडंतेल ओतलं की झालं. त्यावर तक्रार नाही.

मला बोलायचंय पाईपावर. जुना काढला तेव्हा आत चुन्यासारखा कडक थर, लघवी आणि खारं पाणी मिळून जमतो तो, दीड इंची पाईपात बोटभर भोक उरलेलं. नवा 5 मीटर लागणार होता. सॅनिटेशन होजचा (बोटीच्या टॉयलेटसाठीचा खास, वास बाहेर न सोडणारा पाईप) मीटरचा भाव ऐकला आणि म्हटलं वेड लागलंय का, मुंबईत नागदेवीच्या बाजारात स्प्रिंगवाला सक्शन पाईप मिळतो की, तोच आणला आणि डिसेंबरपर्यंत भेटेल त्याला सांगत होतो की महागडा होज म्हणजे निव्वळ लूट.

फेब्रुवारीत मेव्हणा आला, केबिनमध्ये डोकं घातलं आणि म्हणाला, "दाजी, उंदीर मेलाय का हो कुठे?"

ज्याने बसवलं तो फोनवरच म्हणे टॉयलेट लीक आहे, बदला. अरे चार महिन्यांचं टॉयलेट! भांडलो, मग स्वतःच आडवा झालो. जॉइंट सगळे कोरडे. टाकीचा व्हेंट तुंबलेला, तार घालून मोकळा केला (टाकीत हवा गेली नाही की आतला माल कुजून सडक्या अंड्याचा वास सुटतो), थोडा फरक पडला, पण वास काही गेला नाही. शेवटी फडक्याची टेस्ट, गरम पाण्यात भिजवायचं, पाईपावर घासायचं आणि फडकं हुंगायचं. टाकी पास, उभा पाईप पास, बंकाखाली जिथे पाईपाला झोळ पडलाय तिथलं फडकं नाकाशी नेलं आणि बास, बायकोने ते घरात येऊ दिलं नाही.

झोळात घाण साचून राहते आणि वास पाईपाच्या अंगातूनच बाहेर येतो, गळती वगैरे काही नाही. त्यात दर वापराला आम्ही पंप मारायचो चारच वेळा, म्हणजे घाण टाकीपर्यंत पोचायचीच नाही. दीड इंची पाईपात मीटरला 1.1 लिटर मावतं, म्हणजे टाकीपर्यंतच्या 3 मीटरला साडेतीन लिटर पाणी हवं, आणि तसं केलं तर 11-12 वापरांत टाकी फुल! खाडीत सोडवत नाही हो, समोर फ्लेमिंगो चरत असतात, ठाणे खाडी 2022 पासून रामसर यादीत आहे, म्हणून कॅनमध्ये उपसून किनाऱ्यावरच्या संडासात ओततो. तेही मीच, भागीदाराची तेव्हा नेमकी कंबर धरते.

मार्चमध्ये मुकाट्याने महागडा होज आणला, टोकं गरम पाण्यात बुडवून चढवली, झोळ काढून उतार दिला. तीन महिने झाले, फडकं स्वच्छ. आता महिन्याला व्हिनेगर, ब्लीच अजिबात नाही, जोकर व्हॉल्वचं (पाणी भांड्यात परत येऊ न देणारी झडप) रबर खराब होतं. तो व्हॉल्व मात्र आत्ताच ढिला वाटतोय, थोडं पाणी भांड्यात परत येतं, पावसाळ्याआधी बोट वर काढली की बदलणार.

काढलेला सक्शन पाईप भागीदार टाकू देत नाहीये, म्हणतो धुऊन गच्चीवर झाडांना वापरू.